पौळीतला दगड

उतारावर सायप्रसचं एकटं झाड उभं दिसलं, की मी पाहुण्यांना थांबवते. उन्हाळ्यात दर गुरुवारी सकाळी पोंतेलच्या पुलापाशी लोक जमतात आणि मी त्यांना गार्दोंच्या खोऱ्यातली जुनी गावं दाखवायला निघते. चेस्टनट वाळवण्याच्या धुरकट खोल्या, रेशमाच्या किड्यांसाठी बांधलेले उंच माळे, पाण्याविना थांबलेली गिरणी हे सगळं पाहून झालं, की पायवाट रुव्हिएरच्या उताराला लागते. त्या वाटेवरच्या सायप्रसपाशी मी म्हणते, "आमच्याकडे सायप्रसच्या सावलीत आवाज थोडा खाली ठेवायचा. खाली कुणीतरी असतं."

मग पुढचं सांगावं लागतं. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कॅथलिक राजाने आमचा प्रॉटेस्टंट पंथ बेकायदा ठरवला, तेव्हा चर्चच्या दफनभूमीची दारं आमच्या पूर्वजांना बंद झाली. त्यांनी आपली माणसं आपल्याच शेतात, घराजवळ उतार कापून केलेल्या एखाद्या पायरीवर पुरली. पुढे राजा गेला, बंदी गेली, रीत मात्र राहिली. कबरीवर नाव घालायचं नाही, क्रूस उभा करायचा नाही. डोक्याशी एक दगड, पायाशी एक. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक असतं. बाकीच्यांना कळून काय करायचं, असा त्यामागचा विचार. शहरातून आलेल्या लोकांना तो विचार फार आवडतो. काही जण तो मला पुन्हा सांगायला लावतात.

रुव्हिएरचं सायप्रस मात्र आता दाखवता येत नाही. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर संपता संपता, आमच्या डोंगरांवर एका रात्रीत ढग रिकामे झाले. नदीने पोंतेलच्या पुलाचे कठडे नेले, आणि रुव्हिएरच्या उतारावरच्या शेतांच्या पायऱ्या एकीवर एक घसरत खाली आल्या. सायप्रस त्यांच्याबरोबर मुळासकट आडवं झालं. पुढच्या हिवाळ्यात पौळी, म्हणजे या पायऱ्यांना धरणाऱ्या दगडी भिंती, बांधणाऱ्या एका स्वयंसेवी मंडळाने तिथली पौळ नव्याने घातली. चुना नाही, सिमेंट नाही; दगडावर दगड, आणि तोही असा बसवलेला, की फटीत सुरीचं पातं जाणार नाही. खोऱ्यातली ती सर्वांत देखणी पौळ आहे. पाहुण्यांची पायवाट तेव्हापासून तिच्या कडेने जाते. त्याआधी ती खाजगी जागा होती आणि मी खालच्या रस्त्यावरूनच सायप्रसकडे बोट दाखवत असे.

लिदी सुबेरान माझ्याकडे आल्या, त्या गेल्या ऑक्टोबरात. खोऱ्यात त्यांना सगळे मामे म्हणतात, म्हणजे आजी. वास्तविक त्यांना नातवंड नाही.

"पोरी, गाडी चालते ना तुझी?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"चालते. कुठे जायचंय?"

"वर. रुव्हिएरला. सोमवारी तो पाण्याचा माणूस येणार आहे. त्याच्याआधी मला एकदा जागा बघून यायची आहे. त्याच्यासमोर म्हातारीसारखं चाचपडायला नको."

"पाण्याचा माणूस कोण?"

"भूगर्भाचा कुणी शिकलेला आहे. आपल्या शेतात माणूस पुरायचा, तर झऱ्याला धोका नाही असं आता त्याने म्हणावं लागतं. आबेलच्या आजोबांच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. झरा अजून वाहतोय." त्या खुर्चीवर बसल्या आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. "डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत ओढेल असं वाटत नाही."

आबेल, म्हणजे त्यांचे पती, वसंतापासून पुलाजवळच्या वृद्धाश्रमात पडून होते. गुडघे गेले तेव्हा दोघांनी रुव्हिएरचं घर विकलं आणि खाली गावात दोन खोल्या घेतल्या. ते घेतलं लील शहरातून आलेल्या दलकूर पतिपत्नींनी. त्यांनी त्याचं पाहुण्यांचं घर केलं, अंगणात पोहण्याचा तलाव बांधला. पण कबरींकडे जाणारी वाट सुबेरान घराण्याचीच राहिली. आमच्याकडे घर विकलं तरी मेलेली माणसं विकत नाहीत, आणि घेणाराही हे धरूनच घेतो.

सायप्रसखालच्या त्या पायरीवर आबेलची आई होती, वडील होते, त्यांच्या मागच्या पिढ्या होत्या. आणि एस्तेर होती. लिदी आणि आबेलची ती एकुलती मुलगी. चार वर्षांची असताना ती मेंदूज्वराने गेली. आबेलनी तिचा खड्डा दुसऱ्या कुणाला खणू दिला नव्हता. तिच्या शेजारची जागा त्यांनी तेव्हाच स्वतःसाठी सोडून ठेवली, आणि तिच्या पलीकडची लिदीसाठी. एस्तेर मधे. या एका गोष्टीवर त्या दोघांनी इतकी वर्षं काढली होती असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही. त्या जागेपलीकडे आबेलनी आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"तुम्ही वादळानंतर वर गेलाच नाहीत?" मी विचारलं.

"कशी जाणार? आधी हे कंबरेचं हाड बदललं, मग आबेल. झाड पडलं ते कळलं. पौळ बांधली तेही कळलं. चांगली बांधली म्हणतात."

"चांगली आहे," मी म्हणाले.

*

मादाम दलकूर अंगणात आमची वाट पाहत होत्या. भल्या बाई आहेत. आबेलना तिथे पुरायला त्यांनी एका शब्दात संमती दिली होती. त्यांचे पती थोडे कुरकुरले, पण पाहुणे तलावात असताना खणू नका एवढीच अट घालून गप्प बसले होते.

"मादाम सुबेरान, आधी कॉफी घ्या ना."

"आधी तिकडे जाऊन येते. मग आरामात पिऊ."

तलावाला वळसा घालून आम्ही मागच्या पायरीवर आलो. पायरी इतकी सपाट होती, की तिच्यावर सरळ अंथरूण घालावं. गवत नुकतंच कापलेलं. एका टोकाला पाहुण्यांसाठी लाकडी बाक. आणि वरच्या अंगाला, पुरुषभर उंचीची, उन्हात निळसर चमकणारी ती पौळ.

लिदी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"दगड कुठे आहेत?"

"कुठले दगड?" मादाम दलकूरनी विचारलं.

"डोक्याचे. पायाचे. आमची माणसं आहेत इथे, त्यांचे."

मादाम दलकूर माझ्याकडे पाहू लागल्या. मी गवताकडे पाहत होते. "आम्ही त्या हिवाळ्यात लीललाच होतो," त्या म्हणाल्या. "आलो तेव्हा हे असंच होतं. मला वाटलं, दगड मातीखाली गेले असतील. मी फेर्नांला बोलावते."

फेर्नां बुर्गाद खालच्याच वाडीत राहतो. पौळी घालणाऱ्या मंडळाचा तो म्होरक्या होता. स्वयंसेवक बाहेरचे, डोकं त्याचं. तो आला, टोपी काढली, लिदींच्या गालाला गाल लावला आणि मग त्या कुठे उभ्या आहेत हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण टोपी त्याने पुन्हा घातली नाही.

"फेर्नां, इथले दगड काय केलेस?"

"मामे, इथे गुडघाभर चिखल होता. वरची पायरी खालच्या पायरीवर येऊन बसली होती. झाडाच्या मुळांनी अर्धी जमीन उपसली होती. दगड नुसते लोळत होते सगळीकडे. कुठला पौळीचा, कुठला वरून आलेला, काही पत्ता लागत नव्हता."

"मग?"

"मग काय. तुम्हाला आमची रीत माहीत आहे. बाहेरून दगड आणायचा नाही. पायरीवर जो सापडेल तो पौळीत जातो."

"तू बुर्गादांचा ना? तुझे आजोबा कुठे आहेत?"

"आमच्या ऑलिव्हखाली."

"त्यांच्या डोक्याशी काय आहे?"

"दगड."

"कसा?"

"दगडासारखा," तो म्हणाला.

लिदी पौळीच्या कडेने चालू लागल्या. एखादी बाई बाजारात ढिगातून बटाटे पारखते तशा त्या प्रत्येक दगडाकडे पाहत होत्या, कधी वाकून, कधी मान वर करून. साधारण पौळीच्या मध्यावर, कंबरेच्या उंचीला, एक लांबट करडा दगड होता. त्याच्या तोंडावरून गारगोटीची पांढरी शीर तिरकी गेली होती. लिदींनी त्यावर तळवा ठेवला.

"हा."

"कुणाचा?" मी विचारलं.

"छोटीचा. आबेलने नदीतून आणला होता. ही पांढरी रेघ पाहून." त्यांनी हात काढला नाही. "नदीचा दगड आहे. इकडच्या डोंगरात असा मिळत नाही."

फेर्नां जवळ आला. "तो आतपर्यंत गेलाय, मामे. लांब होता म्हणून पौळीच्या पोटात घातला. तोच दोन्ही अंगं धरून ठेवतो. पण काढतो. वरचं सगळं उतरवीन आणि काढतो. आजच्या आज."

"आणि काढून कुठे ठेवशील?"

फेर्नांने पायरीकडे हात केला. हात हवेत थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग त्याने तो खाली घेतला.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांना चालायला वाट हवी होती. म्हणून पौळ आम्ही जुन्या रेषेवर नाही घातली. आत सरकवली."

"किती?"

"जशी माती उतरली तशी. कुठे जास्त, कुठे कमी."

कॉफी प्यायला आम्ही थांबलो नाही.

*

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात मी त्यांच्याबरोबर गेले. जाताना गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या. "झाड पडलं हे त्याला माहीत नाही, लक्षात ठेव."

आबेल खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. हात बारीक झाले होते, आवाज मात्र अजून जागेवर होता.

"आलीस? मला वाटलं, पाण्याच्या माणसाबरोबर पळून गेलीस."

"तो सोमवारी येणार आहे. तेव्हा पळेन."

"जाताना माझी निजायची टोपी ठेवून जा. इथे गार लागतं." मग माझ्याकडे वळून, "एदित, अजून त्या शहरी लोकांना आमचे दगड दाखवतेस का? त्यांच्या घरी दगड नसतात काय?"

"असतात. पण सरळ कापलेले असतात," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं आणि त्याची जागा खोकल्याने घेतली. लिदींनी त्यांना पाणी दिलं, ओठ पुसले, आणि मग पलंगाच्या कडेला बसून, जणू भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "आबेल, छोटी नेमकी कुठे, ते एकदा नीट सांग."

"कुठे म्हणजे?"

"त्या माणसाला दाखवायचं आहे. मोघम नको."

"सायप्रसला पाठ लावायची. तोंड झऱ्याकडे. डाव्या हाताला आईचा दगड, आणि तो ओलांडला की पांढऱ्या रेघेचा. यात सांगायचं काय?"

"सायप्रस सोडून सांग."

"का सोडायचं? ते काय चालत कुठे जातं?"

"समज, त्याला झाडावरून नको आहे. पौळीवरून हवं आहे."

"मग पौळीवरून घे. पौळीपासून हातभर पुढे." त्यांनी चादरीवर हात पसरून दाखवला. "पौळ तर सरकत नाही ना? बाबांनी घातलेली आहे."

लिदींनी चादरीची चुणी सारखी केली. आबेल त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरत गेली.

"लिदी. तुला आठवत नाही?"

मला वाटलं, आता त्या सांगतील. एका वाक्याचं काम होतं. झाड पडलं, पौळ सरकली, दगड गेले. यात त्यांचा काही दोष नव्हता.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. "वय झालं."

"दर रविवारी जायचीस."

"जायचे."

"मी म्हणायचो, फुलं नको नेऊस, आपल्यात नेत नाहीत. तरी अंगरख्यात लपवून न्यायचीस. मला दिसायचं सगळं. आणि आता म्हणतेस, आठवत नाही."

"म्हणते खरी."

"मी खणलं, तू वर उभी होतीस. कंदील तुझ्या हातात होता."

"होता."

आबेलनी तोंड खिडकीकडे केलं. निघताना लिदींनी वाकून त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तेव्हाही त्यांनी ते वळवलं नाही.

बाहेर जिन्यात मी म्हणाले, "मामे, हे बरं नाही केलंत. तुम्ही विसरलात असं त्यांना कायमचं वाटेल."

"वाटू दे."

"पण का?"

त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. "माझ्यावर रागावून तो मरू शकेल," त्या म्हणाल्या. "रागावून माणसं मरतात. जागाच नाही म्हटल्यावर तो काय करील, ते मला माहीत नाही."

*

सोमवारी आलेला माणूस वयाने तरुण आणि स्वभावाने सौम्य होता. त्याने झरा पाहिला, उतार पाहिला, लांब दांडा जमिनीत घालून माती पाहिली. ज्याची आम्हाला सगळ्यांत भीती होती ते त्याने तासाभरात निकालात काढलं. झरा डोंगराच्या पलीकडच्या अंगाने येतो. पाण्याला काही धोका नाही.

"आता फक्त जुन्या कबरी दाखवा," तो म्हणाला, "आणि नवी कुठे घ्यायची ते. मी नकाशावर घेतो, म्हणजे झालं." त्याने लाल टोकाची एक खुंटी लिदींच्या हातात दिली.

लिदी पायरीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. फेर्नांलाही मी बोलावून घेतलं होतं. झाडाचा बुंधा त्यानेच करवतीने कापून नेला होता.

"फेर्नां, सायप्रस हो," त्या म्हणाल्या.

तो कडेला गेला. "खोड इथे होतं, मामे." मग खाली पाहत थोडा सरकला. "नाही. इथे असेल. मूळ इतकं मोठं उपसलं होतं, की खड्डा कुठे आणि खोड कुठे..."

लिदींनी त्याच्याकडे पाठ केली. तोंड झऱ्याकडे. डावा हात पसरला, नजरेने एक दगड ओलांडला, जो तिथे नव्हता, आणि त्या जागेकडे पाहिलं. "सांग, नक्की का?"

"थोडा इकडे, बहुतेक." फेर्नां पुन्हा सरकला. लिदी पुन्हा वळल्या, पुन्हा हात पसरला. तो जितका सरकत होता तितकी छोटीही सरकत होती. कधी बाकापाशी, कधी पाहुण्यांच्या वाटेवर, एकदा थेट पौळीच्या आत. शेवटी फेर्नां रडू लागला; पन्नाशीचा, दगड उचलून खांदे रुंद झालेला माणूस, आवाज न करता, हात लोंबत ठेवून.

"मादाम," तो तरुण म्हणाला, "अंदाजे चालेल. मी मोजायला परत येणार नाही. तुम्ही खुंटी ठोका, मी तीच जागा लिहितो."

"मी हाताने खणेन," फेर्नां म्हणाला. "यंत्र लावणार नाही. वीतभर वीतभर माती काढेन."

"हाताने खणलंस, तर तुझ्या हाताला लागेल ती," लिदी म्हणाल्या.

तरुणाने क्षणभर विचार केला. त्याला मदत करायची होती, यात मला शंका नाही. "लागणार नाही, मादाम. ही पाटीच्या दगडाची माती फार आंबट असते. एवढ्या वर्षांनी लहान हाडं यात राहत नाहीत. तेव्हा ती भीती नको. कुठेही खणलंत तरी काही सापडणार नाही."

लिदींनी त्याच्याकडे पाहिलं. "मग ती कुठे गेली?"

मादाम दलकूर घरात निघून गेल्या.

लिदी खुंटी घेऊन पायरीवरून एकदा त्या टोकापर्यंत चालत गेल्या. दोन ठिकाणी थांबल्या. एका ठिकाणी तर वाकून त्यांनी खुंटीचं टोक गवतावर टेकवलंही. त्यांनी फक्त जोर द्यायचा होता. आबेलना जागा मिळाली असती, आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करणारं पृथ्वीवर कुणी नव्हतं. मग त्यांनी टोक उचललं, त्याला लागलेली माती बोटाने पुसली आणि खुंटी तरुणाला परत दिली.

"नाही, साहेब. मला माहीत नाही."

"मादाम, विचार करा. नाहीतर मला तसं लिहावं लागेल, आणि मग परवानगी मिळणार नाही."

"तसंच लिहा. खरं तेच आहे."

*

आबेल नोव्हेंबर संपताना गेले. शेवटच्या आठवड्यांत ते लिदींशी बोलत होते, हवेबद्दल, सूपाबद्दल, शेजारच्या पलंगावरच्या घोरणाऱ्याबद्दल. पण छोटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि आपली जागा ठरली का, हेही विचारलं नाही. ती ठरलेली आहे असंच ते धरून चालले होते.

त्यांना गावच्या दफनभूमीत ठेवलं. जुन्या भागात जागा नव्हती. नवी रांग रस्त्याच्या बाजूला आहे, उन्हाळ्यात सहलीच्या बस जिथे उभ्या राहतात त्या भिंतीला लागून. पाळकाने थोडं वाचलं. माणसं थोडी होती आणि वारा फार होता. फेर्नांने नदीतून आणलेला एक दगड बरोबर आणला होता, तो लिदींनी घेतला नाही. तिथे रांगा आहेत आणि प्रत्येक कबरीला नाव आहे. नाव नसलेली कबर तिथे कुणी टाकून दिल्यासारखी दिसली असती. म्हणून त्यांनी नाव घालू दिलं. सुबेरान घराण्यात नावाखाली पुरलेला आबेल हा पहिला माणूस.

"माझीही तिथेच करा," परतताना त्या मला म्हणाल्या. "आता इकडे काय आणि तिकडे काय."

त्यानंतर रुव्हिएरची वाट कुणाची, असा प्रश्न कुणी विचारला नाही. ती कबरींची वाट होती, आणि दाखवता येईल अशी कबर उरली नव्हती. मादाम दलकूरनी लिदींचे दोन्ही हात धरून सांगितलं, केव्हाही या, आपलंच घर आहे. पण केव्हाही या असं पाहुण्याला म्हणतात. लिदींनाही ते कळलं असावं. त्या एकट्या कधी गेल्या नाहीत.

जूनमध्ये, सहली सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या गुरुवारी, पुलापाशी जमलेल्या लोकांत त्या उभ्या दिसल्या. डोक्याला गवती टोपी, हातात काठी, इतरांसारखीच पाण्याची बाटली.

"मामे, तुम्हाला कशाला? मी गाडीने नेते ना वर."

"नको. सगळे जातात तशीच येते. तू आपलं बोल जे बोलतेस ते."

मी गिरणी दाखवली, रेशमाचे माळे दाखवले. त्या सर्वांच्या मागून येत होत्या. चढावर एका जर्मन विद्यार्थ्याने त्यांना हात दिला. रुव्हिएरच्या पायरीवर मी पौळीबद्दल बोलू लागले, दगड कसा पारखतात, कसा बसवतात; आणि लिदी बाजूने जाऊन त्या करड्या दगडावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. माझं बोलणं संपेपर्यंत तशाच. मग हात काढून त्या रांगेत मागे गेल्या.

दर गुरुवारी हेच होत राहिलं. जुलैत एका बेल्जियन बाईने त्यांना पाहिलं. त्या बाजूला झाल्यावर तिने जाऊन आपला तळवा त्याच दगडावर ठेवला आणि डोळे मिटले. तिच्यामागून तिच्या मैत्रिणीने ठेवला. पुढच्या गुरुवारी आलेल्यांपैकी कुणीतरी आधीच कुठून ऐकून आलं होतं. फोनवर फोटो होते, पांढऱ्या रेघेच्या दगडाला हात लावून मनातलं मागावं असं त्याखाली लिहिलं होतं. दलकूरांकडे उतरणारे पाहुणे सकाळी नाश्त्याआधी तिथे जाऊ लागले. ऑगस्ट उजाडेपर्यंत दगडाचं तोंड हातांच्या घामाने काळवंडलं होतं, आणि गारगोटीची शीर मात्र घासून लखलखीत झाली होती.

"या दगडाची काही गोष्ट आहे का?" लोक मला विचारतात.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लिदींकडे पाहिलं होतं. त्यांनी मान अगदी थोडी, नको अशी हलवली होती.

"पौळ नवीन आहे," मी सांगते. "दोन वर्षंही झाली नाहीत."

गेल्या गुरुवारी मोठा गट होता. माझं बोलणं संपलं आणि दगडापुढे रांग लागली. लिदी रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे एक माणूस होता, त्याच्या खांद्यावर लहान मुलगी बसली होती आणि वळून वळून त्यांच्या टोपीकडे पाहत होती. मुलीने टोपी मागितली. लिदींनी काढून दिली. रांग हळू सरकत होती. प्रत्येक जण थोडा वेळ डोळे मिटून उभा राहत होता, कुणी फोटो काढून घेत होता. ऊन डोक्यावर आलं. सहलीच्या शेवटी नेहमीसारखं बकरीचं चीज आणि वाइन मांडून खालच्या वाडीतल्या एक बाई आमची वाट पाहत होत्या, हे मला माहीत होतं, लिदींनाही माहीत होतं.

पुढे चार-पाच जण उरले असताना त्यांनी मुलीच्या डोक्यावरून टोपी काढून घेतली, रांग सोडली आणि माझ्याजवळ आल्या.

"चल, पोरी," त्या म्हणाल्या. "लोकांना भूक लागली असेल."